दुखतंय ते दाढेचंच का?

ताईने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोत आधी ट्यूबलाइट दिसली आणि मग तिच्यासमोर धरलेली काळी फिल्म. दोन्ही जबडे एका पट्टीत दाखवणारा एक्स-रे, ज्याला दवाखान्यात सगळे ‘ओपीजी’ म्हणतात. खाली भाच्याबद्दल निरोप होता, “याचा डावा जबडा दुखतोय. डॉक्टर म्हणतात अक्कलदाढा अडकल्यात, चारही काढून टाका. पुढच्या महिन्यात परीक्षा आहे. काय करू सांग.” मी फिल्मच्या डाव्या टोकाला पाहिलं. खालची शेवटची दाढ तिथे चक्क आडवी झोपली होती, अख्खी हाडात गाडलेली. “एवढी आडवी दाढ आहे, दुखणार नाही तर काय!” असं ताईला कळवून मी मोकळा झालो.

चूक दुसऱ्या दिवशी कळली. रुग्ण आपल्याकडे तोंड करून बसलाय असं समजून ओपीजी बघायचा असतो. फिल्मच्या डाव्या टोकाला दिसतं ते त्याचं उजवं. म्हणजे भाच्याची ती भयंकर आडवी दाढ उजव्या बाजूची होती आणि उजवीकडे त्याला आजवर एकदाही दुखलेलं नव्हतं. दुखत होतं त्या बाजूची दाढ फिल्मवर त्या मानाने बरीच सभ्य होती. जराशी पुढे कललेली, एसटीत शेजाऱ्याच्या खांद्यावर डोकं टाकून डुलकी घेणाऱ्या प्रवाशासारखी.

ही फजिती फक्त माझी नाही. दुखणारा जबडा आणि अडकलेली दाढ एकाच तोंडात सापडली की आपण दोघांची गाठ मारून टाकतो. दाढ जितकी वाकडी, तितकी गाठ घट्ट. विशीतल्या पोरांचे ओपीजी काढले तर अशी वाकडी, अर्धवट किंवा गाडलेली दाढ कितीतरी जणांत दिसेल आणि त्यातल्या अनेकांना तिचा पत्ताही नसेल. काढायची की ठेवायची हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. दुखतंय ते नक्की कोणाचं, हा पहिला.

मुळात ही दाढ अडकते का? आमच्या छत्रपती संभाजीनगरात सरकारी दंत महाविद्यालय आणि रुग्णालय घाटी या मोठ्या रुग्णालयाच्या आवारात आहे, १९८२ पासून. तिथून पाणचक्की फार लांब नाही. डोंगरातून खापरी नळांनी आणलेल्या पाण्याच्या जोरावर तिथे जातं फिरायचं आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यावर उतरणाऱ्या फकिरांसाठी, वाटसरूंसाठी पीठ पडायचं. दातांचा दवाखाना आणि जातं असे जवळजवळ असावेत हा योगायोग मला फार आवडतो. कारण माणसाने तोंडातलं दळण जात्यावर आणि चुलीवर सोपवलं आणि शेवटच्या दाढेची जागा हळूहळू आक्रसत गेली, असं बऱ्याच मानववंशशास्त्रज्ञांचं म्हणणं आहे. दाताचा आकार बराचसा आईबापांकडून ठरून येतो, जबड्याची लांबी मात्र लहानपणी त्यावर पडणाऱ्या चावण्याच्या ताणावरही अवलंबून असते. नोरीन फॉन क्रामोन-टाउबाडेल या संशोधिकेने २०११ साली जगातल्या वेगवेगळ्या समाजांचे जबडे ताडून पाहिले. शिकार करून, कंदमुळं खोदून जगणाऱ्यांचा खालचा जबडा लांबट निघाला, शेतीवर जगणाऱ्यांचा आखूड आणि रुंद. बैठक छोटी झाली, पाहुणे तेवढेच राहिले. त्यातही ही दाढ येते सगळ्यांच्या शेवटी, सतरा ते पंचवीस या वयात. तोवर पुढच्यांनी जागा धरलेली असते.

म्हणून उद्यापासून पोराला ज्वारीची भाकरी आणि ऊस चारला की अक्कलदाढ सरळ येईल, असा अर्थ कोणी काढू नये. आनुवंशिकताही तितकीच बलवान आहे. जगात साधारण पाचातल्या एकाला निदान एक अक्कलदाढ तयारच होत नाही. त्यांनी काय वेगळं खाल्लं होतं?

या दुखण्याची नोंद आपल्याकडे फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानातल्या सोळाव्या अध्यायात तोंडाचे रोग सांगितलेत. त्यात ‘वर्धन’ नावाचा एक विकार आहे. जादा दात येतो, येताना तीव्र कळा देतो आणि येऊन गेला की कळा थांबतात. दुसरा ‘अधिमांसक’. जबड्याच्या सगळ्यात मागच्या दाताशी मोठी सूज, भयंकर ठणका आणि तोंडातून लाळ. तिसरा ‘हनुमोक्ष’, म्हणजे जबड्याचा सांधाच निसटणं. मला थक्क करते ती ही वेगवेगळी खाती. येणाऱ्या दाताची कळ, दाताभोवतीच्या मांसाची सूज आणि सांध्याचं दुखणं यांची सरमिसळ त्या ग्रंथकाराने केली नाही. आपण एक्स-रे हातात असून करतो.

त्याच ग्रंथाच्या चिकित्सास्थानात आणखी एक इशारा आहे. वरचा घट्ट बसलेला दात उपटू नये, त्याने फार रक्त जातं, माणसाचा डोळा जातो, तोंड वाकडं होतं. ताईच्या सासूबाईंनी हा ग्रंथ उघडलेला असणं शक्य नाही, पण ‘चारही काढा’ ऐकताच त्या म्हणाल्या होत्या, “वरच्या नको गं. डोळे अधू होतात.” इतक्या शतकांनंतर तो इशारा आमच्या स्वयंपाकघरात जिवंत होता. भूल नव्हती, जंतुनाशकं नव्हती, अशा काळात वरच्या दातातला संसर्ग डोळ्याच्या खोबणीपर्यंत चढताना कोणीतरी पाहिला असेल आणि दोष दात काढण्याला दिला असेल, असा माझा आपला अंदाज. आजचं शरीरशास्त्र स्पष्ट आहे. दाताची संवेदना नेणारी नस आणि दृष्टीची नस या दोन वेगळ्या आहेत. नीट भूल देऊन, स्वच्छतेने वरची दाढ काढल्याने नजर कमी होत नाही.

आता अधिमांसकाकडे जवळून बघू. दंतवैद्य याला ‘पेरिकोरोनायटिस’ म्हणतात. अर्धवट वर आलेल्या दाढेवर हिरडीची एक टोपी राहते. टोपीखाली फट असते. त्या फटीत भाताचं शीत, चिवड्यातलं पोह्याचं टरफल, शेंगदाण्याचं साल जाऊन बसतं. ब्रश तिथे पोचत नाही आणि हवाही फारशी पोचत नाही, त्यामुळे कमी प्राणवायूत वाढणाऱ्या जंतूंचं तिथे छान चालतं. टोपी सुजते. सुजली की वरची दाढ चावताना तिच्यावरच आपटते, म्हणून आणखी सुजते. तोंडाला घाण चव येते, कानापर्यंत कळ जाते, गिळताना टोचतं. चावण्याच्या स्नायूंपर्यंत दाह गेला की तोंड उघडेनासं होतं, खरोखरीची दातखीळ बसते. तीन-चार दिवसांत फटीतली घाण निघून गेली की सगळं निवतं आणि माणूस समजतो की मेडिकलवाल्याने दिलेल्या गोळीने बरं झालं. फट तिथेच असते.

या दुखण्याची ओळख म्हणजे ते झटके देतं. येतं, जातं, पुन्हा येतं आणि एका बोटाने दाखवता येतं.

जबड्याच्या स्नायूंचं दुखणं असं वागत नाही. दोन्ही कानांच्या जरा पुढे बोटं ठेवा आणि दात करकचून आवळा. बोटांखाली जो गोळा फुगतो तो चावण्याचा मुख्य स्नायू. झोपेत दात खाणारे, अभ्यास करताना किंवा गाडी चालवताना नकळत दात आवळून ठेवणारे या स्नायूला रात्रंदिवस राबवतात. मग सकाळी उठल्यावर जबडा थकलेला, कानशिलं जड, जांभई देताना कट्ट असा आवाज. दाखव म्हटलं तर असा माणूस बोट ठेवत नाही, अख्खा तळवा गालावर फिरवतो. अशा दुखण्यासाठी दाढ काढली तर खिसा हलका होतो आणि दुखणं जिथल्या तिथे राहतं. काही वेळा वाढतंही, कारण शस्त्रक्रियेत बराच वेळ तोंड ताणून धरावं लागतं.

तिसरी शक्यता आपल्या भागात कधीच विसरू नये. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. पानटपरीवर उभं राहणाऱ्या कोणालाही त्या बंदीबद्दल विचारा, तो हसेल. सुपारीने तोंडाच्या आतलं अस्तर हळूहळू घट्ट होत जातं, गालाच्या आत दोऱ्यांसारखे पट्टे हाताला लागतात, तिखटाची आग होते आणि तोंड महिन्या-महिन्याने कमी उघडू लागतं. याचं नाव ‘ओरल सबम्युकस फायब्रोसिस’. ही कर्करोगाच्या वाटेवरची अवस्था आहे आणि नुसती सुपारीही, तंबाखू न मिसळता, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने कर्करोगकारक ठरवलेली आहे. वीस-बावीस वर्षांचं पोरगं तोंड उघडत नाही म्हणालं की घरचे म्हणतात, अक्कलदाढ येत असेल, वयच आहे. पोरगंही मान डोलावतं, पुडीचं नाव घेत नाही. फरक वेगाचा आहे. अक्कलदाढेची दातखीळ दोन दिवसांत बसते आणि आठवड्यात सुटते. सुपारीची दातखीळ वर्षभर बसत राहते आणि आपोआप सुटत नाही.

ताईने पोराला दुसऱ्या एका डॉक्टरबाईंकडे नेलं, सोबत मीही गेलो. त्यांनी फिल्मचा लिफाफा बाजूला ठेवला. “आधी तोंड बघू, मग फोटो.” स्वतःची तीन बोटं एकावर एक उभी करून तोंडात घालायला लावली. गेली. निरोगी माणसाचं तोंड साधारण चार ते पाच सेंटिमीटर उघडतं, आपली तीन बोटं हे त्याचं घरगुती माप. मग गालाच्या आतून अंगठा फिरवला, दात आवळायला लावून कानापुढे दाबलं, तेव्हा तो “आई गं” म्हणाला. दोन्ही बाजूंना म्हणाला, हे मी मनात टिपलं.

“पुडी खातोस का रे?”

“नाही.”

“आई बाहेर थांबू दे का?”

“खरंच नाही, मॅडम.”

मग सुईसारखं बोथट उपकरण घेऊन त्यांनी डावीकडच्या हिरडीच्या टोपीखाली घातलं. ते चांगलं आत गेलं आणि बाहेर येताना जो वास आला तो आमच्यापर्यंत पोचला. विचारता विचारता निघालं ते असं. आठ महिन्यांत दोनदा डावा गाल सुजला होता, दोन्ही वेळा खोलीवरच्या मित्राने सांगितलेल्या गोळ्या खाऊन त्याने घरी कळवलंच नव्हतं. शिवाय परीक्षेचा फॉर्म भरल्यापासून रोज सकाळी जबडा धरलेला असायचा. एका मुलाची दोन दुखणी होती आणि तो दोन्हींना एकच नाव देत होता.

बाईंनी फट सलाइनने धुतली, कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगितल्या आणि निकाल दिला. खालची डावी दाढ परीक्षा झाल्यावर काढायची. खालची उजवी आडवी, पण पूर्ण हाडात, तोंडाशी कुठेही संबंध नाही, पुढच्या दाढेची मुळं शाबूत. तिला सध्या राहू द्यायचं, ठरावीक काळाने एक्स-रे काढून नजर ठेवायची. वरच्या दोन सरळ आल्यात, तिथे ब्रश पोचतो, त्यांना हात लावायचा नाही. फक्त डावी वरची खाली सरकत जाते का, तेवढं पाहायचं, कारण तिचा जोडीदार जाणार. सकाळच्या दुखण्याला रात्री घालायची दातांवरची प्लेट, शेक आणि थोडे दिवस मऊ खाणं.

चारवरून एकावर! ताईला आधी संशयच आला, या बाईंना काढता येत नसावी असा. पण हा हिशोब त्यांचा खासगी नव्हता. ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २००० साली सांगितलं होतं की निरोगी अडकलेल्या अक्कलदाढा केवळ पुढे त्रास देतील म्हणून काढू नयेत. न भरता येण्यासारखी कीड, पू, गाठ, शेजारच्या दाताचं नुकसान अशी कारणं हवीत. हिरडीच्या टोपीची सूज पहिल्यांदाच आली आणि फार तीव्र नसेल तर थांबावं, दुसऱ्यांदा आली तर काढण्याचा विचार करावा. भाच्याची दोनदा झाली होती.

त्या सल्ल्याला पुढे टीकाही झाली आणि ती ऐकण्यासारखी आहे. थांबलेल्यांपैकी काहींच्या कललेल्या दाढेने शेजारणीच्या पाठीत कीड पाडली. तिथे अन्न अडकतं, दिसत नाही आणि कळतं तेव्हा एकीच्या पायी दुसरी चांगली दाढही जाते. शिवाय वय वाढतं तसं हाड टणक होतं, मुळं पूर्ण वाढतात, काढणं अवघड होतं आणि जखम भरायला वेळ लागतो. म्हणून ‘ठेवायची’ याचा अर्थ ‘विसरायची’ असा नसतो. अर्धी बाहेर, पुढे कललेली आणि स्वच्छ न होणारी दाढ मला विचाराल तर पंचविशीच्या आत गेलेली बरी. पूर्ण गाडलेली, गप्प दाढ ही वेगळी गोष्ट. काढायच्या कारणांत आणखी एक नेहमी ऐकू येतं, मागून ढकलून ती पुढचे दात वाकडे करते हे. ब्रिस्टलमधल्या एका अभ्यासात दाढ काढलेल्या आणि न काढलेल्या मुलामुलींना सरासरी साडेपाच वर्षांनी पाहिलं. १९९८ साली तो छापून आला. पुढचे दात वाकडे होऊ नयेत एवढ्यासाठी दाढ काढण्याचं समर्थन होत नाही, असा त्याचा निष्कर्ष होता.

खालच्या जबड्याच्या हाडातून एक नस जाते, खालचा ओठ आणि हनुवटीची संवेदना नेणारी. एक्स-रेवर तिचा बोगदा दोन पांढऱ्या रेघांसारखा दिसतो. दाढेचं मूळ त्यावरून जाताना रेघ तुटली, बोगदा चिंचोळा झाला किंवा मूळ काळपट दिसलं तर नस मुळाला चिकटून असण्याची शंका घ्यायची आणि ‘सीबीसीटी’ म्हणजे त्रिमिती स्कॅन करून घ्यायचा. दाढ काढल्यावर शंभरात काही जणांचा ओठ आठवडे किंवा महिने बधिर राहतो. कायमचा बधिर राहणारे बहुतेक अभ्यासांत शंभरात एकाहूनही कमी. आकडा लहान, पण दाढी करताना कापलेलं न कळणं किंवा चहा ओघळलेला न जाणवणं हे त्या एकाला जन्मभर असतं. धोका जास्त दिसला तर काही वेळा दाढेचा फक्त वरचा भाग काढून मुळं जागीच ठेवतात. भाच्याच्या उजव्या दाढेवरून ती रेघ तुटलेली होती. न दुखणाऱ्या दाढेसाठी हा धोका घ्यायचा नाही, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात पक्कं बसलं.

एका बाबतीत मात्र थांबणं नको. जबड्याखाली, गळ्याच्या बाजूला लाकडासारखी घट्ट सूज, ताप, थुंकी गिळता न येणं, आवाज बदलणं किंवा धाप. खालच्या अक्कलदाढेची मुळं इतकी खोल असतात की तिथला पू तोंडात न येता जिभेखालून गळ्याकडे उतरू शकतो आणि श्वासाची वाट दाबू शकतो. अशा वेळी लवंग तेल, तंबाखूची गोळी, उद्याची अपॉइंटमेंट काहीही नको. रात्रीचे दोन वाजले असले तरी घाटीत किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात, तातडीच्या विभागात.

परीक्षा संपली, दाढ निघाली. भुलीची सुई सोडली तर दुखलं नाही. घाबरवलं ते आवाजाने. हिरडी बाजूला करून डॉक्टरांनी दाढेचे दोन तुकडे केले, कारण अख्खी काढायला हाड जास्त कोरावं लागलं असतं. जबड्यातला आवाज हाडातून थेट कानात येतो. भाच्याच्या भाषेत, “मामा, डोक्यात बोअर मारताहेत असं वाटलं.” तीन टाके, चावून धरायला कापसाची घडी आणि सूचनांचा कागद. त्यातली थुंकू नका ही सूचना आपल्याकडे सगळ्यात अवघड. दाढेच्या खड्ड्यात रक्ताची गुठळी बसते, तीच जखमेवरचं झाकण. सारखं थुंकून, जोरात गुळण्या करून, स्ट्रॉने ओढून किंवा तंबाखू-सिगारेटने ती निघाली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी हाड उघडं पडतं आणि मूळ दुखण्यापेक्षा वाईट ठणका लागतो. त्याला ‘ड्राय सॉकेट’ म्हणतात. ताईने दोन दिवस त्याच्या मागे फिरून “गीळ, थुंकू नकोस” एवढंच म्हटलं.

सातव्या दिवशी टाके निघाले. दाढेचे दोन तुकडे त्याने डबीत घालून ठेवलेत, सासूबाईंना ते घरात नकोत. सकाळचा जबडा अजून अधूनमधून धरतो, निकाल लागायचा आहे. जानेवारीत दौलताबादच्या वाटेवर हुरडा खायला गेलो, तेव्हा तो गरम दाणे उजव्या बाजूने चावत होता, जिथे ती आडवी झोपली आहे.